घर फक्त नावावर असणाऱ्याचेच?

‘घटस्फोट झाला की बायको अर्धी प्रॉपर्टी घेऊन जाते.’ नागपुरात हे वाक्य पानठेल्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत कुठेही ऐकू येते. त्याच्या भीतीने मुलाचे लग्न ठरले की फ्लॅट आईच्या नावावर घ्यायचा सल्ला दिला जातो, आणि देणाऱ्याला आपण शहाणपणाचे सांगतो आहोत असे मनापासून वाटते. हे वाक्य खोटे आहे. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या वेळी पतीच्या नावावरच्या घरात पत्नीला अर्धा, पाव किंवा कसलाही ठरावीक हिस्सा देणारा कायदाच नाही. माझे म्हणणे असे आहे की तो असायला हवा, आणि दोघांसाठी असायला हवा.

आज काय आहे ते आधी पाहू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे न्यायालय आदेश देऊ शकते तो लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मिळून असलेल्या मालमत्तेबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या कलमाचा अर्थ थोडा सैल केला, पण लग्नानंतर दहा वर्षांनी नवऱ्याच्या नावाने घेतलेले घर त्यात बसत नाही. विशेष विवाह कायद्यात तर एवढेही कलम नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमची पोटगी आहे. ती वसूल व्हावी म्हणून पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा चढवता येतो, पण बोजा म्हणजे मालकी नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते असे सांगितले. तोही राहण्याचाच हक्क. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयाला नवरा-बायकोच्या मालमत्तेचा वाद ऐकण्याचा अधिकार दिला, पण वाटणी कोणत्या मापाने करायची ते कुठेच लिहिलेले नाही. म्हणून न्यायाधीश कागदावरचे नाव बघतात. दुसरे करणार काय?

या कागदाची गोष्ट नागपुरात कशी घडते, ते जवळून बघण्यासारखे आहे. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, दाभा, कोणताही ले-आउट घ्या. तरुण जोडपे प्लॉट घेते. बयाणा द्यायला पैसे कमी पडतात, तेव्हा बायकोच्या पाटल्या आणि माहेरचा गोफ सराफाकडे जातो. मोडीची पावती बहुतेक नवऱ्याच्या नावाने होते, नाहीतर होतच नाही. विक्रीपत्र नवऱ्याच्या नावाने होते, कारण ‘उगीच दोन नावांचा घोळ कशाला.’ मग नागपूर सुधार प्रन्यासची (नासुप्र) डिमांड भरायची, आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र मिळवायचे, नकाशा मंजूर करून घ्यायचा. आरएल नवऱ्याच्या नावाने, घरटॅक्सची पावती त्याच्याच नावाने, वीजमीटरही त्याचेच. स्लॅब पडायच्या दिवशी बायकोचे वडील गावाहून येतात आणि रोख रक्कम जावयाच्या हातात देतात. त्याची चिठ्ठी कुणी लिहीत नाही. लिहायला सांगणे म्हणजे जावयाचा अपमान. पुढे तिचा पगार किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधे यांत जातो आणि त्याच्या पगारातून हप्ता कापला जातो. पंधरा वर्षांनी प्रकरण न्यायालयात गेले, की बँकेच्या उताऱ्यावर हप्ता दिसतो. किराणा कुठेच दिसत नाही.

कर्जाची बाजू आणखी कडू आहे. पात्रता वाढावी म्हणून बँका नोकरदार पत्नीला सहकर्जदार करून घेतात. सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असे नाही. म्हणजे घरात तिचा हिस्सा शून्य, पण हप्ता थकला तर वसुली तिच्याकडूनही. नवऱ्याशी काडीमोड झाला तरी बँकेशी होत नाही.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप: ज्याने पैसे भरले त्याचे घर, यात अन्याय कसला? अन्याय असा, की संसारात पैसा एकाच दाराने येत नाही आणि एकाच दाराने जात नाही. एकाने दुसऱ्याचा खर्च उचलला, म्हणून दुसऱ्याला हप्ता भरता आला. आणि जी बाई नोकरी करत नाही, तिचे काय? तिच्या कामाला किंमत असते हे आपली न्यायालये केव्हाच मान्य करून बसली आहेत. गृहिणी रस्ता अपघातात गेली, तर तिच्या घरकामाचे मोल धरून भरपाई द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये हे ठासून सांगितले. वर्धा रोडवर ट्रकखाली सापडलेल्या बाईच्या वीस वर्षांच्या कष्टाला किंमत आहे, आणि तीच बाई जिवंतपणी कुटुंब न्यायालयाची पायरी चढली तर नाही. हे कोणत्या तर्कात बसते? मला तरी उत्तर सापडलेले नाही.

दुसरा आक्षेप वकिलांच्या खोलीत ऐकू येतो: पोटगी मिळते ना, मग घर कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पोटगी ही माजी पतीच्या संपत्तीशी बरोबरी साधण्यासाठी नसते. मला ते पटते. पोटगी गरजेची असते. हिस्सा कष्टाचा असतो. या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या नाहीत, म्हणून मिळवत्या बायकांची दोन्हीकडून कोंडी होते. शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या बाईला पोटगी कमी मिळते, कारण ती कमावते. घरात हिस्सा मिळत नाही, कारण तिच्या कमाईचा विटांशी संबंध दाखवता येत नाही. पोटगी मागणारी बाई याचक ठरते, तिच्या गरजा मोजल्या जातात, पुनर्विवाह केला तर पोटगी बंद होऊ शकते. स्वतःच्या हिश्श्याला या अटी लागू शकत नाहीत.

या संदर्भात एक प्रकरण नागपूरकरांनी लक्षात ठेवावे असे आहे. येथील कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये एका पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलासाठी वेगळी रक्कम अंतरिम पोटगी म्हणून मंजूर केली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये तो आदेश कायम ठेवला. प्रकरण दिल्लीला गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातच सगळ्या देशासाठी नियम घालून दिले: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न, कर्ज, घर, प्लॉट, शेती, सारे काही शपथपत्रावर जाहीर करायचे. फार मोठे पाऊल होते ते. पण पुढे काय? दोघांचे घर, त्याची किंमत, त्यावरचे कर्ज, सगळे न्यायाधीशांच्या टेबलावर येते, आणि त्या कागदांवरून ठरते ती पोटगीची रक्कम. जे मोजायचे अवघड काम होते ते नागपूरच्या प्रकरणाने सोपे केले. वाटायचा नियम तेवढा राहिला.

तिसरा आक्षेप सर्वांत भावनिक: बापजाद्यांची शेती सुनेबरोबर निघून जाईल. वडिलोपार्जित शेती, वारसाने आलेले घर, कुणा एकाला मिळालेले बक्षीस हे वाटणीबाहेर ठेवा. माझी मागणी लग्नानंतर संसारातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेपुरती आहे. २०१० चे विवाह कायदा दुरुस्ती विधेयक इथेच अडखळले. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले, पण त्यात वारशाच्या मालमत्तेचाही विचार होता, हिस्सा न्यायालयाच्या विवेकावर सोडला होता आणि तो एकट्या पत्नीला होता. विरोधकांना बोट ठेवायला जागा मिळाली आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर विधेयक बारगळले.

एकतर्फी कायदा नकोच. कारण नावाचा फटका पुरुषालाही बसतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावाने घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे अनेक घरे बायकोच्या एकटीच्या नावाने नोंदली जातात. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात नवऱ्याने सौदी अरेबियात राबून पैसे पाठवले आणि मालमत्ता बायकोच्या नावाने झाली. न्यायालयाने म्हटले की नाव कुणाचेही असो, एकाने कमावले आणि दुसरीने घर सांभाळले म्हणूनच ते उभे राहिले. दोघांना सारखा वाटा. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्यातले माप मला योग्य वाटते, आणि ते एकेका न्यायाधीशाच्या सहृदयतेवर सोडण्याऐवजी कायद्यात यावे.

राहिला शेवटचा आक्षेप, की असे केले तर संसार मोडतील. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, आणि घर विकायचे तर दोघांची सही हवी. दीडशे वर्षांत गोव्यातली कुटुंबसंस्था कोसळली नाही. संहितेत उणिवा आहेत. मालमत्तेचा कारभार तिने नवऱ्याकडे दिला आहे. ती उणीव उचलायची नाही, सहीची अट मात्र नक्की उचलावी. घर मोडेल ही भीती हिंदू कोड बिलाच्या वेळीही घातली गेली होती. त्याच्या कितीतरी आधी, जुलै १९४२ मध्ये, याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. पत्नीलाही घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा असा ठराव तिथे जमलेल्या बायांनी केला. ज्या बायांच्या नावावर एक झोपडीही नव्हती, त्यांना विवाहातून बाहेर पडण्याचा हक्क मागताना भीती वाटली नाही. आज आपण त्या हक्काला छप्पर द्यायला घाबरतो आहोत.

कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. राहते घर किंवा शेती पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. अर्धा हिस्सा बक्षीस देऊन दोन नावे करता येतात. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती घ्यावी. नवे घर घेताना विक्रीपत्रात दोन्ही नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहून घ्यावा. माहेरहून आलेले पैसे बँकेतूनच द्यावेत आणि सोने मोडले तर पावती तिच्या नावाने घ्यावी. स्त्रीधन तिच्या एकटीचे असते आणि नवऱ्याने वापरले तर परत करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ पासून २०२४ पर्यंत वारंवार सांगितले आहे. यात अविश्वास कसला? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावे केला होता, आणि १९९२ मध्ये सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढले. त्या शेतकऱ्यांना जे जमले ते शहरातल्या पगारदारांना अवघड नाही.

पण राजीखुशी सगळ्या घरांत नसते, म्हणून कायदा हवा. तो दिल्लीनेच करावा असेही नाही. विवाह आणि घटस्फोट हे विषय समवर्ती सूचीत आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. केंद्राला तेच करायला २००५ उजाडले. हाच रस्ता पुन्हा धरता येईल. हिंदू विवाह कायद्यात राज्याची दुरुस्ती: लग्नानंतर मिळवलेले घर, प्लॉट, फ्लॅट नाव कुणाचेही असले तरी दोघांचे, घटस्फोटात सारखा वाटा, तो बदलायचा तर न्यायालयाने लेखी कारण द्यावे, फेडलेले कर्ज आणि शिल्लक कर्ज दोन्ही हिशोबात, राहते घर दोघांच्या सहीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. विशेष विवाह कायद्यातही हेच कलम. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरमध्ये नागपुरात भरते. विदर्भातल्या आमदारांनी हे विधेयक तिथे मांडावे आणि विरोध करणाऱ्यांनी आपली कारणे सभागृहात उभे राहून नोंदवावीत.