सातवा प्रश्न

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा ठरावीक वळणाने जाते. एक पक्ष मुलांना कृतघ्न ठरवतो, दुसरा बदलत्या काळाकडे बोट दाखवतो. मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. घराबाहेरील दीर्घकालीन शुश्रूषेची गरज कोणत्या वृद्धांना पडणार, हे आधी ओळखता येते काय?

बऱ्याच अंशी येते. १९६३ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांचे परावलंबित्व मोजण्याची एक साधी पद्धत मांडली. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे या सहांपैकी किती गोष्टी स्वतःच्या स्वतः होतात, एवढेच पाहायचे. साधारणतः अंघोळीतील स्वावलंबन आधी जाते, जेवणातील सर्वांत शेवटी. तीन किंवा अधिक गोष्टींत परावलंबन आले आणि त्याला स्मृतिभ्रंशाची जोड मिळाली, की संस्थेत जाण्याची शक्यता बरीच वाढते, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले आहे.

तथापि दोन वृद्धांची अवस्था सारखीच असूनही एक घरी राहतो, दुसऱ्याला संस्थेत जावे लागते. असे का व्हावे? याचे उत्तर रुग्णाच्या अंथरुणात नाही. त्या अंथरुणाशेजारी रात्र जागवणाऱ्या माणसात आहे. न्यूयॉर्कमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या ४०६ पती-पत्नींचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांतील काहींना समुपदेशन व कुटुंबाचा संघटित आधार मिळवून दिला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशांच्या रुग्णांना संस्थेत ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने लांबली. रोग तोच होता. बळ मिळाले ते सेवा करणाऱ्याला.

जपानमध्येही वृद्धसेवेचा भार परंपरेने सुनेवर असे. केवळ कर्तव्याची आठवण देऊन हा भार पेलवणार नाही, हे ओळखून त्या देशाने एप्रिल २००० पासून शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची. पुढे गरज भासली की ७४ मुद्द्यांच्या आधारे वृद्धाची तपासणी होते आणि ठरलेल्या श्रेणीनुसार घरपोच मदत, दिवसभराचे केंद्र किंवा निवासी संस्था मिळते. घरात सून आहे म्हणून हा हक्क कमी होत नाही.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडली. परंतु निराधार असणे वेगळे आणि परावलंबी असणे वेगळे. चार मुले असलेली वृद्धाही अंथरुणाला खिळू शकते. उलट, अनेक वृद्धाश्रम तर स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश देतात. म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच दार बंद! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार, देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची शुश्रूषा आज बहुतांशी घरातील स्त्रियाच मूकपणे करीत आहेत.

कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी हा मूकपणा गृहीत धरू नये. दोष देण्याची घाई करण्याऐवजी आपल्या वस्तीतील प्रत्येक वृद्धाविषयी ते सहा प्रश्न विचारावेत आणि सातवाही विचारावा : यांची सेवा कोण करते, त्या व्यक्तीचे वय काय आणि तिला रात्रीची झोप मिळते का? सातव्याचे उत्तर समाधानकारक नसेल, तर ते घर खचण्याच्या बेतात आहे, असे खुशाल समजावे. आठवड्यातून दोन दुपारी कुणी त्या घरी जाऊन बसले, तरी त्या माउलीला श्वास घेता येईल. एवढे करूनही संस्थेची वेळ आलीच, तर तो त्या कुटुंबाचा पराभव मानू नये. मात्र समाज म्हणून आपण त्या घराच्या पायरीपर्यंतही पोहोचलो नसू, तर तो पराभव आपला आहे.