कोयत्याच्या संसारातील मुले

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीस जातात. त्याच सुमारास पालकांनी मुलांशी कसे वागावे, याविषयी शासनाचे मेळावेही भरतात. ज्यांच्यासाठी ते भरवायचे, ते पालक तेव्हा कोणत्या तरी साखर कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत असतात!

बालकांच्या छळाचे मूळ आईबापांच्या अज्ञानात शोधण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. अज्ञान आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मुकादमाच्या वहीत नवरा-बायको ही दोन माणसे नसून एक 'कोयता' असतो, आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. आई मुलांपाशी राहिली तर अर्धा कोयताच उरतो. म्हणून तान्हे मूल उसाच्या बांधावर निजते, थोरली बहीण शाळा सोडून त्याला सांभाळते आणि तीच वयात आली की बापाच्या पोटात गोळा उठतो. तिला कोपीत ठेवावे तरी भय, गावी एकटी ठेवावी तरी भय. मग उरते लग्न. शिवाय मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता उभा राहतो. हा हिशेब वरपक्षाला पाठ असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर बीडमध्ये 44 टक्क्यांच्या घरात होते. त्याआधीच्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक होते; म्हणजे ते घटू शकते.

ते घटविण्याचे मार्ग गावातच आहेत. मुले आजीपाशी राहावीत आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेने करावी, ही हंगामी वसतिगृहांची कल्पना साधी आणि स्वस्त आहे. म्हाताऱ्या आजीला शहाणपण शिकविण्यापेक्षा तिच्या चुलीचा भार हलका करणे, हे आमच्या मते अधिक खरे पालक-प्रबोधन होय. आर्वीच्या 'शांतिवन'ने ऊसतोड मजुरांच्या मुलांना निवारा व शिक्षण देऊन वाट दाखविली आहे. 2021 साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावे 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे जाहीर केली. पण वसतिगृहात तान्हे मूल राहत नाही. त्यासाठी फडाजवळ पाळणाघर हवे आणि त्याचा खर्च ज्यांच्या गाळपासाठी ही माणसे राबतात त्या कारखान्यांनी सोसावा.

सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. अंगणवाडी सेविका तिची सचिव. बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. पण ज्याच्या घरी लग्न, त्याच्याच पंगतीला सारा गाव, मग तक्रार करणार कोण? म्हणून समितीची बैठक लग्नाच्या मांडवात नव्हे, तर उचल वाटली जाते त्या महिन्यात व्हावी. कोणत्या घरची मुले कोणाकडे राहणार, हे नावानिशी लिहून घ्यावे आणि त्या बैठकीस मुकादमालाही बोलवावे.