इम्प्लांट करायचंय? मग आधी खर्रा सोडावा लागेल

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर नंतर दाताची कॅप बसते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर ही पद्धत वापरली. हाडाने स्क्रू घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. वाशीमसह विदर्भात खरी अडचण इथेच आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा काही सुटत नाही! तंबाखू सुरूच राहिला तर जखम नीट भरत नाही आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. शुगर आटोक्यात नसेल तरी तेच.

ब्रिज लवकर होतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात. कवळी सगळ्यात स्वस्त. रिसोड, मानोऱ्याहून यायचं असेल तर एकूण किती फेऱ्या होतील, हेही आधीच विचारा. आणि ‘एका दिवसात दात’ अशी जाहिरात दिसली, तर ती कॅप कायमची आहे की तात्पुरती?