निवासी डॉक्टरांना विम्याचे नियमही शिकवा

अमेरिकेत फॅमिली डॉक्टर व्हायचे असेल तर वैद्यकीय पदवीनंतर तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काढावी लागतात. या काळात मधुमेह, रक्तदाब, बाळंतपण, लहान मुलांचे आजार हे सारे शिकवले जाते. पण दवाखाना सुरू केल्यावर निम्मे निर्णय विमा कंपनीला विचारून घ्यावे लागतात, त्याचे शिक्षण मात्र कमी पडते. माझा आक्षेप इथेच आहे.

तिथे 1973 मध्ये एचएमओ कायदा झाला आणि ‘मॅनेज्ड केअर’ वाढत गेली. अशा योजनेत डॉक्टरांची यादी कंपनी ठरवते. सभासदाने त्यातला एक डॉक्टर निवडायचा. तज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा त्याचीच चिठ्ठी लागते, महागड्या तपासणीला कंपनीची पूर्वपरवानगी लागते. अनेक ठिकाणी डॉक्टरला दरमहा माणशी ठरावीक रक्कम मिळते, रुग्ण येवो अथवा न येवो.

आता विचार करा. प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे मिळत असतील तर गरज नसताना तपासण्या वाढवण्याचा मोह होतो. ठरावीक रक्कम मिळत असेल तर गरज असूनही टाळण्याचा मोह होतो. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचेच. 1990 च्या दशकात तर काही करारांत डॉक्टरांच्या बोलण्यावरच बंधने असल्याची ओरड झाली आणि अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले.

काही जण म्हणतात, डॉक्टरने उपचार पाहावेत, पैशाचे इतरांनी पाहावे. मला हे पटत नाही. ज्या डॉक्टरला नियम ठाऊक नाहीत, त्याचा रुग्ण पहिल्याच नकाराला घरी परततो. नकाराविरुद्ध अपील कसे लिहायचे, कोणती तपासणी खरोखर अनावश्यक आहे, आणि आपल्याला पैसे कसे मिळतात हे रुग्णाला कसे सांगायचे, हे निवासी काळातच शिकवले पाहिजे. या पद्धतीची चांगली बाजूही शिकवावी. नावे नोंदलेल्या मधुमेहींपैकी कोण सहा महिने फिरकले नाही, हे पाहून त्याला बोलावणे इथे डॉक्टरच्याही हिताचे ठरते. अमेरिकेच्या निवासी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या परिषदेने 1999 मध्ये ठरवलेल्या सहा क्षमतांमध्ये आरोग्यव्यवस्थेचे भान ठेवून काम करणे ही एक क्षमता आहे. पण ती नुसता फॉर्म भरण्यापुरती उरली, तर तयार होईल तो कंपनीचा कारकून.

हा प्रश्न आपल्या दारातही आला आहे. महाराष्ट्रात 2012 पासून जीवनदायी योजना आहे, आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. 2018 मध्ये आयुष्मान भारत आली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळते, पण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. इथेही पूर्वपरवानगी आहे. आरोग्यमित्र कागदपत्रांना मदत करतो, तरी मंजुरीचा आधार डॉक्टरने लिहिलेली नोंदच असते. ती नोंद अर्धवट राहिली तर गरीब माणसाला खिशातून भरावे लागते किंवा उपचार सोडावे लागतात.

म्हणून आपल्या इंटर्न आणि निवासी डॉक्टरांनाही हे शिकवा. मात्र शिकवताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: नियम समजून घ्यायचे ते रुग्णाची बाजू मांडण्यासाठी.