शौर्याची नोंद शत्रूच्या दप्तरात!

७ सप्टेंबर १९६५. पहाटेच्या अंधारात आदमपूरच्या तळावरून भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची ‘मिस्टेअर’ विमाने पाकिस्तानातील सरगोध्याच्या दिशेने झेपावली. सरगोधा म्हणजे पाकिस्तानी वायुदलाचे मर्मस्थान. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्याकडे होते आणि राखीव वैमानिकांत होते कोडगूचे सुपुत्र स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या. हल्ला करून विमाने परतली. देवय्या परतले नाहीत. दप्तरात नोंद झाली, ‘बेपत्ता’. युद्ध संपले, ताश्कंद करार झाला, पदके वाटली गेली आणि देवय्यांची फाईल बंद झाली.

त्या पहाटे प्रत्यक्षात काय घडले होते? परतीच्या वाटेवर पाकिस्तानच्या ‘एफ-१०४ स्टारफायटर’ विमानाने देवय्यांना गाठले. स्टारफायटर हे अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे अत्याधुनिक विमान. मिस्टेअर हे फ्रेंच बनावटीचे, वेगात त्याच्या जवळपासही न पोहोचणारे. स्टारफायटरचा मारा देवय्यांच्या विमानावर बसला होता. अशा स्थितीत कोणत्याही वैमानिकाने विमान सोडून उडी घेतली असती, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. देवय्या मात्र उलटून शत्रूवर तुटून पडले आणि त्या बलाढ्य विमानाला त्यांनी खाली पाडले. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीच्या साहाय्याने वाचला. देवय्या शत्रूच्या भूमीवर वीरगतीला गेले.

ही वीरगाथा जगाला सांगितली कोणी? भारताच्या संरक्षण मंत्रालयाने नव्हे! पाकिस्तानी वायुदलाच्या सहकार्याने १९६५ च्या हवाई युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मिस्टेअरशी झालेल्या या झुंजीचे वर्णन आले. ते वाचून तनेजांच्या ध्यानात आले की, तो अनाम भारतीय वैमानिक देवय्यांवाचून दुसरा कोणी असूच शकत नाही. निवृत्त झालेल्या या सेनानीने आपल्या सहकाऱ्यासाठी पाठपुरावा केला आणि १९८८ साली, म्हणजे तब्बल तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र घोषित झाले. त्यांच्या पत्नीने ते स्वीकारले तेव्हा एक पिढी उलटून गेली होती.

शत्रूच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकावरून आपल्या वीराची ओळख पटावी, यापेक्षा मोठी नामुष्की स्वाभिमानी राष्ट्राला दुसरी कोणती? फ्रिकरने ते पान लिहिलेच नसते, किंवा तनेजांच्या ते वाचनात आलेच नसते, तर? तर देवय्या आजही ‘बेपत्ता’च राहिले असते. असे किती देवय्या अभिलेखागारांच्या धुळीत पडून असतील, याचे उत्तर देणारी यंत्रणाच या देशात अस्तित्वात नाही. दुखणे नेमके हे आहे.

कागद चुकतो, तेव्हा...

लष्करी दप्तर चुकूच शकत नाही, असे मानणाऱ्यांनी इतिहास चाळावा. १९६२ च्या चिनी आक्रमणात पँगाँग सरोवराकाठी सिरिजाप येथे लढलेले मेजर धनसिंह थापा यांना परमवीर चक्र घोषित झाले, ते मरणोत्तर. प्रत्यक्षात ते चीनच्या कैदेत होते आणि १९६३ साली जिवंत परतले. १९९९ च्या कारगील युद्धात टायगर हिलवर अंगाची चाळण झालेली असतानाही झुंजणारे योगेंद्रसिंह यादव यांचेही परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाले. नामसाधर्म्यामुळे घोटाळा झाला होता. हा वीर रुग्णालयात उपचार घेत होता.

या चुका आनंदाच्या म्हणायच्या, कारण माणसे जिवंत निघाली. रेझांग लाची कथा मात्र काळीज चिरणारी आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे शंभराहून अधिक जवान शेवटच्या गोळीपर्यंत लढून धारातीर्थी पडले. जे मोजके वाचले, त्यांच्या सांगण्यावर प्रारंभी कोणी विश्वासही ठेवला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात गोठलेले देह सापडले, हातातली शस्त्रे तशीच होती, तेव्हा कुठे दिल्लीची खात्री पटली. जिवंत जवानाच्या शब्दापेक्षा मृत जवानाच्या देहाची साक्ष ग्राह्य मानणारी ही कोणती मनोवृत्ती?

कारगीलमध्येही तेच घडले. बटालिक क्षेत्रात ७० व्या इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या युद्धकामगिरीच्या नोंदीत वरिष्ठांकडून अन्याय झाला, असा निर्वाळा सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० साली दिला आणि ती नोंद दुरुस्त करण्यास फर्मावले. युद्ध १९९९ चे, न्याय २०१० चा! रणांगणावर शत्रूशी लढलेल्या ब्रिगेडियरला स्वतःच्याच दप्तराशी अकरा वर्षे लढावे लागले. ब्रिगेडियरची ही कथा, तर साध्या शिपायाने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी)सारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून मुलगा सैन्यात जातो. अशा घरांतील वृद्धांना विचारा. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी टाकलेली १ जून ही जन्मतारीख, डिस्चार्ज बुकात दुसरी, आधार कार्डावर तिसरी. पत्नीचे नाव भरतीनंतर लिहिले ते माहेरचे, रेशनकार्डावर सासरचे. पती हयात असेतो कोणाला फिकीर नसते. तो गेला की, ‘ही तीच स्त्री’ हे सिद्ध करण्यासाठी विधवा माऊलीला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, वर्तमानपत्रातील जाहिरात असे कागद गोळा करत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये हेलपाटे घालावे लागतात. एका अक्षराच्या चुकीपायी कुटुंब निवृत्तिवेतन अडते. पदक ही फार दूरची गोष्ट!

दधीचींच्या अस्थींचे मोल

परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने युरोपीय असलेली ही विदुषी विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाहबद्ध होऊन मनाने पूर्ण हिंदू झाली. सर्वोच्च शौर्यपदकासाठी त्यांना प्रतीक सुचले ते इंद्राच्या वज्राचे, म्हणजेच लोकरक्षणासाठी अस्थी अर्पण करणाऱ्या दधीची ऋषींच्या त्यागाचे. जन्माने परकी असलेल्या स्त्रीला जे उमगले, ते इथल्याच मातीत जन्मलेल्या फाईलबहाद्दरांना उमगू नये, हा केवढा दैवदुर्विलास! पदक म्हणजे धातूचा तुकडा नव्हे. दधीचींचे ऋण मान्य असल्याची राष्ट्राने दिलेली ती पावती आहे.

आपली परंपरा तर याहून स्पष्ट आहे. अफझलखानाच्या वधानंतर शिवछत्रपतींनी काय केले, हे सभासदाने नोंदवून ठेवले आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांना वेतन बांधून दिले, जखमींना जखमेप्रमाणे होन दिले. त्यासाठी कोणा विधवेला तेवीस वर्षे वाट पाहावी लागली नाही. हिंदवी स्वराज्यात जे घडू शकले, ते स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांना का जमू नये?

गुप्ततेचे कुलूप

याचे मूळ आहे इतिहास दडवण्याच्या सवयीत. १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ च्या सुमारास सिद्ध केले आणि ते ‘केवळ कार्यालयीन वापरासाठी’ म्हणून कुलूपबंद झाले. २००० साली ते वृत्तपत्राच्या मार्गाने बाहेर फुटले, तेव्हा देशाला स्वतःच्या युद्धांची कथा कळली! १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल तर अजूनही सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा मोठा भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने उघड केला. पंडित नेहरूंच्या चीनविषयक भाबडेपणाला झाकण्यासाठी काँग्रेसी सरकारांनी हे कुलूप घातले, हे उघड आहे. पण सत्तांतरानंतरही, २०१४ साली राज्यसभेत तो अहवाल खुला करण्यास नकारच देण्यात आला, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नोकरशाहीला पक्ष नसतो. तिला फक्त फाईल असते.

यात तथाकथित पुरोगाम्यांचे ढोंगही लपत नाही. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर लष्कराकडे पुरावे मागण्यास सरसावलेल्या मंडळींपैकी किती जणांनी देवय्यांची किंवा रेझांग लाची कागदपत्रे खुली करा म्हणून आवाज उठवला? जवानाच्या शब्दावर संशय घ्यायला ते सर्वांत पुढे, त्याच्या न्यायासाठी लढायला सर्वांत मागे!

चांगली पावले पडलीच नाहीत, असे नाही. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमली. माजी सैनिकांविरुद्ध, विशेषतः अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांत, सरकारने चालवलेली अपिलांची मालिका थांबवावी, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. २०१९ साली राष्ट्रीय समर स्मारक उभे राहिले. २०२१ साली युद्धविषयक अभिलेख साधारणतः २५ वर्षांनी खुले करण्याचे आणि युद्धांचे इतिहास ठरावीक मुदतीत सिद्ध करण्याचे धोरण जाहीर झाले. याबद्दल सरकारचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु अपंग सैनिकांविरुद्धची अपिले त्यानंतरही थांबली नाहीत. धोरण कागदावर आणि सैनिक न्यायालयाच्या पायरीवर, हे चित्र बदलले पाहिजे.

अमेरिका करू शकते, तर...

जुनी प्रकरणे उकरली तर मागण्यांचा पूर येईल, पदकाचे मोल घटेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ आहे. अमेरिकेत सेवा-अभिलेखांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच कायद्याने अस्तित्वात आली. वर्णद्वेषामुळे डावलल्या गेलेल्या दुसऱ्या महायुद्धातील सात कृष्णवर्णीय सैनिकांना १९९७ साली, तर २००० साली आशियाई वंशाच्या २२ सैनिकांना तेथील सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. पन्नास वर्षांनंतर! त्यामुळे त्या पदकाची शान घटली नाही, वाढलीच. आणि देवय्यांच्या महावीर चक्राने त्या चक्राचे मोल कमी झाले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? प्रश्न निकषांचा आहे. समकालीन कागदपत्रे, सहकाऱ्यांची शपथपूर्वक साक्ष आणि शत्रूपक्षाची नोंद यांपैकी ठोस आधार असेल, तरच प्रकरण पुढे जावे. खैरात कोणीच मागत नाही. मागणी आहे ती न्यायाची.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. डावललेल्या शौर्याच्या प्रकरणांचा विचार करणारे, निवृत्त सेनाधिकारी आणि इतिहासकार यांचे स्थायी मंडळ स्थापन व्हावे. नाव, जन्मतारीख, वारस यांसारख्या अभिलेखातील चुका ठरावीक मुदतीत दुरुस्त करण्याची जबाबदारी रेकॉर्ड ऑफिसवर असावी, विधवेवर नव्हे. आणि युद्धांचे अभिलेख २०२१ च्या धोरणाबरहुकूम खरोखरच खुले व्हावेत.

हे सारे केवळ सरकारवर सोडून भागणार नाही. प्रत्येक तालुक्यात १९६२, १९६५, १९७१ चे सैनिक आज वयाच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जाण्याआधी लिहून घेणे, त्यांच्या घरातील जुनी पत्रे, डिस्चार्ज बुके, छायाचित्रे जपणे, त्यांच्या विधवांचे अर्ज भरून देणे, हे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, महाविद्यालयीन तरुणांनी आणि सुशिक्षित कुटुंबांनी अंगावर घेतले पाहिजे. देवय्यांना न्याय मिळाला तो एका माणसाने, तनेजांनी, आपल्या सहकाऱ्याला विसरण्यास नकार दिला म्हणून. विस्मृतीला असा नकार देणारी माणसे गावोगाव उभी राहिली, तर यापुढे कोणत्याही भारतीय वीराची ओळख पटवण्यासाठी शत्रूची दप्तरे धुंडाळण्याची वेळ या राष्ट्रावर येणार नाही.