फ्रेंच क्रियापदें : आधीं कान, मग डोळे

फ्रेंच शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली तक्रार बहुधा हीच असते, कीं ही भाषा लिहिते एक आणि बोलते दुसरेंच. तक्रार निराधार नाहीं. 'बोलणें' या अर्थाच्या 'पार्ले' या क्रियापदाचीं वर्तमानकाळीं सहा रूपें होतात. त्यांपैकीं मी, तूं, तो आणि ते यांचीं चारही रूपें कानाला एकच, 'पार्ल्'. लिहितांना मात्र त्यांचे तीन प्रकार. 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्याच रूपांत दुसरें अक्षर उमटतें : पार्-लों, पार्-ले.

परंतु आमच्या मतें दोष भाषेचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे. विद्यार्थी तक्ते घोकतो, वाचावयास उभा राहिला कीं मूक वर्णही ठणकावून वाचतो, वर्ग हंसतो, आणि पुढें तो तोंडच उघडीत नाहीं. गुणांच्या हानीहून ही हानि मोठी. एकाच सात वर्णांचा शब्द नाम असतां 'कूव्हाँ', म्हणजे मठ. क्रियापद असतां 'कूव्ह्', म्हणजे 'अंडीं उबवितात'. हा भेद डोळ्यांना कसा कळावा?

यावर कोणी म्हणतील, 'परीक्षा तर लेखनाचीच!' खरें आहे. आणि ते मूक वर्ण निरर्थकही नाहींत. पुढें स्वर आला कीं ते जागे होतात. 'तो प्रेम करितो' हें 'इ-लेम्', तर 'ते प्रेम करितात' हें 'ईल्-झेम्'. संधि जाणणाऱ्या आम्हांस यांत नवल तें काय? पण हा संधि कानांत बसल्यावांचून लेखनाचें मर्म उमगत नाहीं. 'आम्ही विकत घेतों' हें 'आश्-तों'. 'मी विकत घेतों' हें 'झा-शेत्'. शेवटचा स्वर मूक होतांच मधला स्वर उघडतो, आणि लेखनांत त्यावर तिरपी खूण चढते. १९९० सालच्या फ्रेंच लेखनसुधारणेंत 'सेदे' म्हणजे 'नमणें' या क्रियापदाच्या भविष्यकाळींही अशीच खूण सुचविली गेली. म्हणजे लेखनच उच्चारामागून चाललें!

आपलेंही तसेंच आहे. 'करतो' असें तीन अक्षरीं लिहून आपण 'कर्-तो' असें दोन अक्षरीं बोलतों. तरी मराठी मूल अडखळत नाहीं, कारण तें आधीं ऐकतें.

म्हणून पहिल्या सहामाहींत तक्ता दूर ठेवावा. शिक्षकांनीं रूप म्हणावें, मुलांनीं टाळी देऊन अक्षरें मोजावीं, आणि मगच तें फळ्यावर लिहावें. जीभ एकदां निर्भय झाली, कीं लेखणीला वाट आपोआप सांपडेल.