तांब्यावरची खुशामत

जुन्या युरोपीय विद्यापीठांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं दिवाणखान्यात लावायची फॅशन आहे. खाली लॅटिन ओळी असल्या की यजमान घसा खाकरून सांगतात, "अस्सल लॅटिन आहे हं!" काय लिहिलंय विचारलं की चहा आणायला उठतात. या आंधळ्या आदराची मला चीड येते, कारण त्या ओळींत विद्वत्ता कमी आणि हुजरेगिरी जास्त असते.

डेव्हिड लॉगनचंच घ्या. डान्झिगमध्ये जन्मलेला हा कारागीर १६६९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचा अधिकृत चित्रकोरक झाला आणि १६७५ मध्ये त्याचं 'ऑक्सोनिया इलुस्ट्राटा' निघालं. चित्रं अव्वल. विमान सोडाच, तेव्हा फुगाही नव्हता. तरी अख्खं कॉलेज उंचावरून पाहावं तसं, खिडकी न् खिडकी मोजून काढलेलं. पण शीर्षकपानावरच विद्यापीठाला लॅटिनमध्ये 'अतिविख्यात' म्हणून घेतलंय. छापखाना विद्यापीठाचा, कारागीर विद्यापीठाचा आणि विख्यात कोण, तर तेच विद्यापीठ! आत ढालचिन्हं, संस्थापकांची नावं, कॉलेजप्रमुखांच्या नावामागे बिरुदांच्या माळा. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची असते तशीच ही दाटी. फ्लेक्स पाहून आपण नाक मुरडतो आणि याला मात्र सागवानी चौकट करतो.

लॅटिन ही तेव्हाच्या विद्वानांची सामाईक भाषा होती, परदेशी पाहुण्यालाही कळावं म्हणून ती वापरली, असा बचाव होतो. अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा इतिहासकार अँथनी वूडला विचारायला हवा होता. त्याने ऑक्सफर्डचा इतिहास इंग्रजीत लिहिला. विद्यापीठाच्या छपाईची सूत्रं हाती असलेल्या जॉन फेलने तो लॅटिनमध्ये करवून १६७४ मध्ये छापला आणि तसं करताना मजकुरावरही हात चालवला. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जबद्दल वूडने चांगलं लिहिलं होतं. त्याची फेलने वाट लावली. हॉब्जने जाहीर पत्र काढलं, तर फेलने ग्रंथाच्या अखेरीस त्याला चिडखोर, पोकळ जनावर ठरवलं, तेही लॅटिनमध्येच. वूड इतका वैतागला की त्याने पुन्हा इंग्रजीत लिहायला घेतलं. लॉगनची चित्रं याच ग्रंथाच्या जोडीला होती. म्हणजे लॅटिन नुसती पाहुण्यांची सोय नव्हती. मजकुरावर ताबा कुणाचा, तेही तिच्यातून ठरत होतं.

लॅटिनशी माझं वैर नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या शवविच्छेदन-सभागृहाचं १६१० चं छापचित्र पाहा. रेखाटन वूडानुसचं, कोरकाम स्वानेनबर्खचं. चढत्या कठड्यांवर सांगाडे उभे आणि त्यांच्या हातांत लॅटिन फलक: मरण विसरू नका, स्वतःला ओळखा. पुढ्यात एक गृहस्थ एका बाईला माणसाची सोललेली कातडी दाखवतोय. इथली अक्षरं कुणाची भाटगिरी करत नाहीत. उलट बघायला जमलेल्या प्रतिष्ठितांनाच सुनावतात.

म्हणून संग्रहालयांनी 'लॅटिन मजकुरासह' एवढी चिठ्ठी चिकटवून मोकळं होणं बंद करावं. प्रत्येक ओळीचा अर्थ खाली छापावा, बिरुदांसकट. लॅटिन न येण्यात लाज नाही. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या जाहिरातीपुढे आज फुकट मान तुकवण्यात मात्र नक्कीच आहे.